पाचशेच्या चलनाला तीन वर्षं तारखा : खटला लवकर चालवा म्हणायचा हक्क मला आहे की नाही?

प्रश्न : वकीलबाई, मी निवृत्त शिक्षक, वय ६६, कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. माझी दोन प्रकरणं आहेत. पहिलं स्कूटरचं. सप्टेंबर २०२२ मध्ये दसरा चौकात सिग्नल तोडला म्हणून हवालदारांनी अडवलं. दिवा पिवळा होता, पुढं केएमटीची बस होती, ती गेली तसा मीही गेलो. चूक नाही तर दंड कशाला, म्हणून मी पैसे भरले नाहीत. प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हापासून कसबा बावड्याला हेलपाटे घालतोय, अकरा तारखा झाल्या. दंड पाचशेचा, रिक्षाला आणि चहाला त्याच्या चौपट गेले. दुसरं गाडीचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये किणी टोलनाक्याच्या अलीकडं कॅमेऱ्यानं वेगाचं २,००० रुपयांचं चलन फाडलंय, हे मला आत्ता गाडी विकायला काढल्यावर कळलं. मेसेज जुन्या नंबरवर गेले असणार. आता लोकअदालतीची नोटीस आलीय. पुतण्या कॅलिफोर्नियात असतो. तो म्हणतो, ‘काका, इकडं ४५ दिवसांत केस चालवावी लागते. माझ्या तारखेला पोलीस आलाच नाही, दोन मिनिटांत केस उडाली.’ शेजारी म्हणतात, आपल्याकडंही दोन वर्षं झाली की ट्रॅफिकची केस आपोआप बंद होते, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. यातलं खरं काय, आणि मी काय करू?

उत्तर : सर, पत्राबरोबर समन्सचे, आरसी पुस्तकाचे आणि रोजनाम्याच्या, म्हणजे कोर्टात कुठल्या तारखेला काय झालं त्या नोंदीच्या, तीन पानांचे फोटो पाठवलेत, हे फार बरं केलंत. नाहीतर लोक चार पानं हकिगत लिहितात आणि कलम कुठलं लागलंय तेवढं सांगायचं राहून जातं.

आधी शेजाऱ्यांचं बघू. तो निकाल खरा आहे. १९९६ मध्ये ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की वाहतुकीचे गुन्हे दोन वर्षांहून जास्त रेंगाळले असतील, समन्स न बजावल्यामुळं असो की आणखी कशामुळं, तर कोर्टानं आरोपीला सोडून प्रकरण बंद करावं. त्या वेळी अनेकांची प्रकरणं तशी मिटली आणि ती गोष्ट चहाच्या गाड्यापर्यंत पोचली. तिथून पुढचं मात्र पोचलं नाही. एप्रिल २००२ मध्ये पी. रामचंद्र राव यांच्या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ठरवलं की इतकी वर्षं झाली म्हणून खटला संपला, अशी मुदत कोर्टाला स्वतःच्या निकालानं घालता येत नाही. ते काम कायदेमंडळाचं. म्हणजे ‘दोन वर्षं झाली की बंद’ हे २००२ पासून चालत नाही. शेजाऱ्यांना सांगा, पण जपून सांगा. त्यांचीही एखादी केस त्याच भरवशावर पडून असेल.

मग जलद खटल्याचा हक्क आहे की नाही? आहे. राज्यघटनेच्या २१ व्या कलमात तो शब्दानं लिहिलेला नाही, पण १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या, म्हणजे हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो त्यात वाचला. आपल्याच राज्याचे माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्या खटल्यात डिसेंबर १९९१ मध्ये पाच न्यायमूर्तींनी त्याची कसोटी सांगितली, आणि २००२ च्या निकालानंही तीच कायम ठेवली. तिच्यात दिवस मोजायचे नसतात. उशीर किती झाला, कोणामुळं झाला, गुन्हा कसला आहे, आरोपीचं त्यामुळं काय नुकसान झालं, हे सगळं एकत्र तोलायचं. आरोपीनं ‘लवकर चालवा’ असं कधी म्हटलं नाही, एवढ्यावरून त्याचा हक्क जात नाही, हेही त्याच निकालात आहे. पण उशीर जास्तच झालाय असं ठरलं तरी कोर्ट दर वेळी खटला रद्दच करतं असं नाही. ‘अमुक महिन्यांत संपवा’ एवढंही सांगून मोकळं होतं.

पुतण्याच्या बोलण्यात दोन गोष्टींची सरमिसळ झालीय. कॅलिफोर्नियाच्या दंड प्रक्रियेत किरकोळ गुन्ह्याचा खटला ४५ दिवसांत उभा राहायला हवा, हे बरोबर. पण ते दिवस गुन्ह्याच्या तारखेपासून मोजत नाहीत. आरोपी कोर्टापुढं येऊन ‘गुन्हा कबूल नाही’ म्हणतो तिथून पुढं मोजतात, आणि तिथंच ‘मला मुदतीचा आग्रह नाही’ अशा कागदावर बरेच जण न वाचता सही करून बसतात. त्याची केस उडाली ती ४५ दिवसांमुळं नव्हे, साक्ष द्यायला पोलीस आला नाही म्हणून. गंमत म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा १९७४ चा जलद खटल्याचा कायदा ७० दिवसांची मुदत घालतो खरा, पण अगदी किरकोळ गुन्हे त्यातून वगळलेले आहेत.

आता मुद्द्याचं. सर, उशीर दोन जागी होतो आणि कायदा त्या दोन्हींकडं वेगळ्या नजरेनं बघतो. प्रकरण कोर्टात पोचण्याआधीच्या उशिराला कायद्यात आकडे आहेत : १४ दिवस, १५ दिवस, सहा महिने. कोर्टात पोचल्यानंतरच्या उशिराला आकडा नाही, तिथं न्यायाधीशांचा विवेक. तुमचं स्कूटरचं प्रकरण दुसऱ्या जातीचं आणि गाडीचं पहिल्या. तुम्ही दोन्हींवर एकच औषध मागताय.

गाडीचं आधी, कारण तिथं तुमची बाजू जड आहे. त्यात अजून खटलाच नाही. मोबाईलवर किंवा वेबसाइटवर दिसणारं चलन म्हणजे कोर्टाची केस नव्हे. तडजोडीची रक्कम भरा, नाहीतर आम्ही कोर्टात जाऊ, एवढंच ते म्हणतं. लोकअदालतीच्या नोटिशीवर बघा, कोर्टाचा केस नंबर नसेल, ‘दाखलपूर्व प्रकरण’ असं लिहिलेलं असेल. खटला सुरूच नाही, तर तो जलद चालवा असं म्हणणार कोणाला?

पण कोर्टात जायलाही पोलिसांना मुदत असते. ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे, त्याची दखल कोर्टानं सहा महिन्यांनंतर घ्यायची नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे ४६८ वं कलम होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ५१४ वं आहे. सहा महिने तेच. एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा असेल तर मुदत एक वर्षाची. मोटार वाहन कायद्यात वेगमर्यादेचं कलम १८३, त्यात हलक्या मोटारीला एक हजार ते दोन हजार दंड, कैद नाही. म्हणजे फेब्रुवारी २०२३ च्या चलनाचे सहा महिने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भरले. उशिराचं कारण पटलं किंवा न्यायासाठी गरजेचं वाटलं तर कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. पण मग उशीर का झाला ते पोलिसांना सांगावं लागेल.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, चलनावर रकमेच्या आधी कलम वाचा. सिग्नलचंच घ्या. ११९ आणि १७७ लावलं असेल तर नुसता दंड. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा तोडणं आणि गाडी चालवताना हातात मोबाईल धरणं हे १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यातही बसतं. त्यात सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते, किंवा हजार ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. चौक तोच, दिवा तोच, पण मुदत सहा महिन्यांची वर्षावर जाते.

वेगाच्या चलनाला आणखी एक कलम आहे, २०९. फार थोड्यांना माहीत असतं. वेगाच्या किंवा धोकादायक चालवण्याच्या गुन्ह्यात शिक्षा करायची तर तीनपैकी एक गोष्ट झालेली असली पाहिजे. जागेवरच ‘तुमच्यावर खटल्याचा विचार होईल’ अशी ताकीद दिलेली असावी. नाहीतर १४ दिवसांत, गुन्हा कसला, कुठं आणि केव्हा झाला हे सांगणारी नोटीस मालकाला दिलेली किंवा रजिस्टर पोस्टानं पाठवलेली असावी. नाहीतर २८ दिवसांत समन्स बजावलेलं असावं. कॅमेरा ताकीद देत नाही. त्याखेरीज ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला, त्यात कॅमेऱ्यानं पकडलेल्या गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायची, कॅमेऱ्याला दरवर्षी नूतनीकरण होणारं मान्यता प्रमाणपत्र हवं आणि त्या टप्प्याच्या आधी ‘इथं कॅमेऱ्याची नजर आहे’ अशी पाटी दिसेल अशी लावलेली हवी, असं सगळं आहे.

आता तुमचं वाईट लागेल असं बोलते. नोटीस पोचली नाही ती पत्ता सापडला नाही म्हणून, किंवा तुमच्याच वागण्यामुळं, असं कोर्टाला पटलं तर २०९ चं संरक्षण मिळत नाही. पत्रात तुम्ही लिहिलंय की २०२१ मध्ये तुम्ही शाहूपुरीतून राजारामपुरीत आलात. राहण्याची जागा बदलली की ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं, हे कलम ४९ सांगतं. तुमच्या आरसी पुस्तकाच्या फोटोवर पत्ता अजून शाहूपुरीचाच आहे. मोबाईल नंबरही जुना. उद्या सरकारी वकील नेमकं यावरच बोट ठेवतील. एवढं बाद होऊनही सहा महिन्यांचा मुद्दा तुमच्या हातात राहतोच.

लोकअदालतीला जा. नाही गेलात म्हणून काही शिक्षा नाही, वॉरंट निघत नाही, पण जा. एक लक्षात ठेवा, तिथं मुदत संपली की नाही याचा निवाडा होत नाही. तिथं दोघांच्या संमतीनं मिटवतात, आणि एकदा मिटलं की त्यावर अपील नाही. त्यामुळं ‘मुदत गेलीय, १४ दिवसांत नोटीस नव्हती’ हे लेखी म्हणणं आधी वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या तक्रार विभागात नोंदवा, त्याची प्रत लोकअदालतीत द्या. रक्कम भरली तर प्रकरण तिथंच संपतं. तडजोड म्हणजे गुन्हा शाबीत होणं नव्हे, सुनेच्या पासपोर्टची जी काळजी तुम्ही पत्राच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलीय ती सोडून द्या. गाडी घेणारा महिनाभर थांबत असेल तर मी तक्रार लढवली असती. थांबत नसेल तर गुपचूप दोन हजार भरले असते. तत्त्वासाठी लढायला तुमच्याकडं स्कूटर आहेच.

(मध्येच एक : ‘तुमचं चलन थकलंय’ म्हणून व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल आली तर ती उघडू नका. चलन बघायला फाइल उतरवावी लागत नाही. गेल्या वर्षी माझ्या एका अशिलाचं चलन निघालं शून्य आणि खात्यातले गेले ३८ हजार.)

आता दसरा चौक. तुमचं चलन ११९ आणि १७७ खालचं, फक्त दंडाचं. रोजनाम्याच्या पहिल्या पानावर डाव्या कोपऱ्यात शिक्का आहे, त्यात दाखल तारीख नोव्हेंबर २०२२. म्हणजे सहा महिन्यांच्या आत. इथं मुदतीचा मुद्दा संपला. समन्स तुम्हाला पुढच्या जूनमध्ये मिळालं याचा उपयोग नाही. सारा मॅथ्यू प्रकरणात २०१३ मध्ये घटनापीठानं स्पष्ट केलंय की मुदत मोजायची ती तक्रार दाखल झाल्याच्या दिवसापर्यंत, कोर्टानं दखल घेतली त्या दिवसापर्यंत नाही.

त्या समन्सच्या मागच्या बाजूचा मजकूरही वाचा. किरकोळ गुन्ह्यात तुम्ही स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहू शकता, किंवा तारखेआधी गुन्हा कबूल करून नेमून दिलेली रक्कम पाठवू शकता, आणि तसं केलं तर पुढं काही चालत नाही, लायसन्सही अडत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम २०८ तेच. मूळ शब्द ‘मनिऑर्डरनं’ असे आहेत, आणि कबुली मनिऑर्डरच्या कुपनावर लिहायची. कायदा १९८८ चा आहे हे असं कुठंतरी कळतंच. तुम्ही कबुली दिली नाहीत, तो तुमचा अधिकार. पण वकिलामार्फत हजर राहता येतं, अकरा वेळा गुडघा घेऊन बावड्याला जायची गरज नव्हती.

आता त्या अकरा तारखा. मी रोजनामा ओळीनं लावला. पहिल्या तारखेला गुन्ह्याचा तपशील वाचून दाखवला, तुम्ही ‘कबूल नाही’ म्हणालात. त्यानंतर तीन तारखा तुमच्या अर्जावर पुढं गेल्या, एक गुडघ्याच्या ऑपरेशनची आणि दोन ‘वकील नेमायला मुदत हवी’ म्हणून. दोनदा न्यायाधीशसाहेब रजेवर. एकदा ‘वेळेअभावी’. आणि चार तारखांना एकच ओळ आहे, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत : ‘सरकार पक्षाचा साक्षीदार गैरहजर.’ साक्षीदार एकच, ज्यांनी तुम्हाला अडवलं ते हवालदार. बहुतेक त्यांची बदली झाली असणार.

तुमचं सगळं प्रकरण त्या चार ओळींत आहे. ‘तीन वर्षं झाली’ असं म्हणालात तर साहेब विचारतील, त्यात तुमच्या तीन तारखा आहेत त्याचं काय? पण ‘चार वेळा साक्षीदार आला नाही’ याला उत्तर द्यायचं काम सरकार पक्षाचं.

तर करायचं असं. नक्कल विभागातून रोजनाम्याची प्रमाणित नक्कल काढा, मोबाईलचा फोटो चालत नाही. मग एक साधा अर्ज : मी ज्येष्ठ नागरिक, गुन्हा फक्त दंडाचा, साक्षीदार एकच आणि तो अमुक अमुक चार तारखांना हजर नाही, म्हणून सरकार पक्षाला शेवटची संधी देऊन पुरावा बंद करावा. पुरावा बंद झाला आणि साक्षच झालेली नसली तर निर्दोष सोडण्याखेरीज फारसं काही उरत नाही. पुतण्याची केस उडाली तिला आपल्याकडं सगळ्यात जवळचा रस्ता हाच. फक्त तिकडं पहिल्याच तारखेला होतं ते इकडं अर्ज करून मागून घ्यावं लागतं.

वकील नेमलात तर त्यांना एक गोष्ट नक्की विचारा : कोर्टानं हे प्रकरण तक्रार म्हणून नोंदवलंय की पोलीस अहवाल म्हणून? तुमचा खटला १ जुलै २०२४ च्या आधी सुरू झाला, म्हणून तो जुन्या संहितेनंच चालणार. तक्रार असेल तर कलम २५६ : फिर्यादी तारखेला आला नाही तर मॅजिस्ट्रेटनी आरोपीला निर्दोष सोडायचं, पुढची तारीख द्यायला किंवा त्याच्या गैरहजेरीला माफी द्यायला कारण असेल तर गोष्ट वेगळी. पोलीस अहवालावरचं असेल तर कलम २५८ : प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेट कारण नोंदवून खटला मध्येच थांबवू शकतात. मुख्य साक्ष झालेली नसताना थांबवला तर आरोपीची सुटका होते आणि तिचा परिणाम दोषमुक्तीचा (डिस्चार्ज), निर्दोष ठरण्याचा नव्हे. दोन्ही कलमं एकाच प्रकरणाला लागत नाहीत. वकिलांनी एकाच अर्जात दोन्ही घातली तर कलमं न बघता जुना नमुना उतरवलाय असं समजा.

तुम्ही शेवटी विचारलंय की आता मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आलंय, तर थेट तिथं रद्द करायला जाऊ का? खंडपीठासाठी चाळीस वर्षांवर आंदोलनं झाली, १८ ऑगस्ट २०२५ ला ते सुरू झालं, सीपीआर रुग्णालयासमोरच्या इमारतीत जाऊन पायरीला हात लावून आलेले पक्षकार मी बघितलेत. जाता येतं. पण पाचशेच्या चलनासाठी तिथं गेलात तर पहिला प्रश्न हाच येईल की खालच्या कोर्टात अर्ज केला होता का. अर्ज फेटाळला गेला, किंवा सहा महिने नुसताच पडून राहिला, तर मग मला पुन्हा लिहा.

आणि एक खासगीत. दिवा खरंच पिवळा होता ना? तुम्ही लिहिलंय की पुढं बस होती. बसच्या मागून जाताना सिग्नलचा दिवा दिसत नाही, हे मी त्याच चौकात रोज बघते. उद्या हवालदारांची साक्ष झाली आणि त्यानंतर कोर्टानं तुम्हाला ‘दिवा तुम्हाला दिसला होता का’ एवढंच विचारलं, तर काय सांगाल ते घरी ठरवा. उत्तर ‘नाही’ असेल तर अर्ज करायच्या आधीच कबुली देऊन पाचशे भरणं मला जास्त पसंत आहे. उत्तर ‘हो, पिवळा होता’ असेल तर लढा.

पुढच्या तारखेला साडेदहाला पोचा, पुकारा व्हायच्या आधी. अर्जाच्या दोन प्रती घ्या. मूळ अर्ज कोर्टात, पहिली प्रत सरकारी वकिलांना. दुसऱ्या प्रतीवर त्यांची सही आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका.